एकसष्ट टाचण्या

४ जानेवारी

पुस्तक संपलं. एकशे बेचाळीस पानं, कागदाच्या एकाच बाजूला, समास आखून, एकही खाडाखोड नाही. नाव ‘एक शांत सहवास’. पेनाचं टोपण लावलं.

ह्यांना जाऊन दहा महिने झाले. शाळेच्या सभागृहाला ह्यांचं नाव द्यायचं ठरलं आहे. कार्यक्रम वीस मार्चला, आणि त्याच दिवशी पुस्तकाचं प्रकाशन. एकतीस वर्षं ह्यांनी त्या शाळेत गणित शिकवलं. माजी विद्यार्थ्यांचं मंडळ पुस्तक छापणार आहे. मंडळाच्या चिटणिसांचा दर दोन दिवसांनी फोन येतो, “वहिनी, झालं का? सरांवर तुमच्याशिवाय कोण लिहिणार?” एक मार्चपर्यंत द्यायचं कबूल केलं आहे. म्हणजे वेळ भरपूर आहे.

त्याआधी वन्संना वाचायला देणार आहे. तशी गरज नाही. त्यांचं शिवणाचं दुकान, दिवसभर तोंडात टाचण्या. पण ह्यांची सख्खी मोठी बहीण, उद्या कोणी म्हणायला नको की घरातल्यांना विचारलं नाही. शिवाय एकदा त्यांच्या तोंडून ‘छान’ ऐकायचं आहे. हेही लिहून टाकते, वही माझीच आहे.

शेवटची नऊ वर्षं भावाबहिणीत बोलणं नव्हतं. वन्संनी नवऱ्याचं घर सोडलं आणि दुकान टाकलं, ते ह्यांना पटलं नव्हतं. पुस्तकात तो भाग कसा घ्यावा याची काळजी होती. शेवटी एका वाक्यात बसवला, ‘भावाबहिणीचं प्रेम अबोल होतं.’ हे वाक्य सुचलं त्या दिवशी मी स्वतःसाठी दुसरा कप चहा केला होता.

८ जानेवारी

फाइल दुकानात दिली. वन्संनी हात पुसले, फाइल उचलून वजन पाहिलं, म्हणाल्या, “बरीच आहे गं.” आणि इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवली. तिथेच अस्तराच्या चिंध्यांचं गाठोडंही असतं.

ह्यांच्यानंतर मी दुपारी दोन ते सहा दुकानात हातशिलाईला जाते. खालची दुमड, हुक, बटणं. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं. आज एक बाई नवा कोट घालून बघायला आल्या. आरशासमोर उभ्या राहून खूश झाल्या, “अगदी मस्त बसलाय!” वन्सं म्हणाल्या, “हात वर करा.” बाईंनी केले. “आता खाली वाका.” वाकल्या. वन्सं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून लावत गेल्या, काखेत, पाठीत, कमरेवर. बाईंचा चेहरा उतरला. “अहो, मला तर चांगला वाटत होता!”

“उभ्या उभ्या सगळंच चांगलं वाटतं,” वन्सं म्हणाल्या.

गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? त्यांची टाचण्यांची भाषा आता मला येते. उभी टाचणी म्हणजे इथे सैल आहे, आत घ्या. आडवी म्हणजे इथे आवळलंय, शिवण उसवा आणि आत दडलेलं कापड मोकळं करा. तोंडाने काही सांगायचं नाही, टाचायचं आणि कपडा माझ्या पुढ्यात टाकायचा. मी मुकाट्याने उसवते.

१४ जानेवारी

परत मिळालं.

फाइल हातात घेतली तर टोचली. उघडून पाहिलं. पानोपानी टाचण्या! एक शब्द लिहिलेला नाही, पेन्सिलीची रेघ नाही, नुसत्या टाचण्या. पहिली तर पुस्तकाच्या नावालाच. मला वाटलं चुकून राहिली असेल.

“वन्सं, हे काय?”

“वाचलं मी. दोनदा.”

“आणि?”

“जिथे बसत नाही तिथे टाचलंय.”

“हे पुस्तक आहे, कोट नाही!”

“ते दिसतंय मला. अक्षर सुरेख आहे.”

अक्षर! एकशे बेचाळीस पानं वाचून बाईला अक्षर दिसलं. मी विचारलं, निदान सांगा तरी काय खटकलं. तर कात्रीला तेल घालत म्हणतात, “तुला माहीत आहे गं. ज्याच्या अंगावर कपडा असतो त्याला सांगावं लागत नाही.” आणि वर, “माझा भाऊ होता की पुतळा? चोवीस वर्षांत एकदा आमटी खारट झाली नाही तुमच्याकडे?”

घरी येऊन मोजल्या. एकसष्ट.

आता कळलं. नऊ वर्षं भाऊ बोलला नाही, त्याचा सूड भावाच्या बायकोच्या पुस्तकावर. माणूस गेलं तरी मनातली अढी जात नाही. ह्या वहीत यापुढे मी त्यांना वन्सं म्हणणार नाही. कात्री म्हणणार.

१५ जानेवारी

सकाळी खिडकीशी बसून सगळ्या टाचण्या काढल्या. कुठली कुठे होती ते बघितलंसुद्धा नाही. एकेक उपटायची आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकायची. बोटाला दोनदा टोचलं. त्रेपन्नाव्या पानावर रक्ताचा ठिपका पडला, ते पान पुन्हा पक्कं लिहून काढलं.

आता पुस्तक पुन्हा स्वच्छ आहे.

१९ जानेवारी

दुकानात जाते आहे. न जायला काय झालं? गेले नाही तर कात्रीला वाटेल मी रागावले. मी रागावलेली नाही. मी भांडले नाही, आवाज चढवला नाही, उलट शब्द काढला नाही. फक्त बोलत नाही. बोलण्यासारखं काही नाही, म्हणून.

काही अडत नाही. हुक संपले तर कटाईच्या टेबलावर खडूने ‘हुक’ लिहिते. आज त्यांनी विचारलं, “चहा घेणार?” मी समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, “मला नको आहे म्हणावं.” गिऱ्हाईक इकडे बघतं, तिकडे बघतं. मला हसू आलं. कात्रीला आलं नाही. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मशीनवरचा पाय तसाच.

बघू देत.

२३ जानेवारी

लेकीचा फोन. परगावी नोकरीला असते. मोबाइलवर पंधरा पानांचे फोटो पाठवले होते. “छान लिहिलंयस गं आई. फारच छान.” मी विचारलं, कुठलं आवडलं? “सगळंच. एकदम छान.” पाचव्या पानावर तिच्या जन्माची तारीख माझ्याकडून चुकून एक दिवस पुढची पडली होती, ते तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही. कामाचा ताण असतो पोरीला.

मग म्हणाली, “आत्या म्हणत होती तू तिच्याशी बोलत नाहीस.”

म्हणजे कात्रीने चहाडी केली. मी म्हटलं, विषय नको.

“आई, तू अगदी बाबांसारखं करतेयस हां.”

बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला कोणी ह्यांच्या जोडीला बसवलं नव्हतं.

१ फेब्रुवारी

चिटणीस घरी आले होते. पन्नाशीचे गृहस्थ, अजून शाळेतल्या मुलासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात. मी त्यांना तिसरं प्रकरण वाचून दाखवलं, ‘सरांचा शांत स्वभाव’. मधे दोनदा त्यांनी खिशातल्या फोनकडे पाहिलं, पण शेवटी डोळे पुसले. “वहिनी, काळजाला हात घातलात. सर म्हणजे शांतीचा सागर.”

मला इतकं भरून आलं की मी बिस्किटांची नवी पुडी फोडली.

मग ते गमतीगमतीत एक आठवण सांगू लागले. एका मुलाने एकदा भर वर्गात म्हटलं, सर, तुमची तिसरी पायरी चुकली. सर काही बोलले नाहीत. पायरी पुसली, दुरुस्त केली. आणि त्यानंतर सबंध वर्ष त्या मुलाशी एक शब्द नाही! हजेरीत त्याचं नाव आलं की सर पुढचं नाव घ्यायचे. मुलगा रोज ‘हजर’ म्हणायचा, न पुकारता. “सगळा वर्ग हसायचा, वहिनी!” चिटणीस हसत होते. “तो मुलगा म्हणजे मीच!”

मीही हसले. त्यांचं हसू थांबलं तरी मी जराशी हसतच होते.

“पण ते पुस्तकात नको घालू,” ते म्हणाले. आजवर मला ‘अहो’ म्हणत आलेत. लगेच जीभ चावली, “घालू नका, म्हणजे.” चहा तसाच ठेवून गेले. साय धरली होती. मी ओतून दिला.

८ फेब्रुवारी

आज कात्रीने दुकानाचं दार लोटून घेतलं. बाहेरच्या पाटीची ‘बंद’ बाजू पुढे केली. दुपारचे चार, ऐन गिऱ्हाइकीची वेळ. मला वाटलं आता भांडण होणार. मी तयार होते. गप्प बसण्याची तयारी होती.

समोर स्टूल ओढून बसल्या. “पंचवीस झाले आज.”

मी दोऱ्याला गाठ मारली.

“मी दिवस मोजते. सवय आहे मला. लहानपणी आईशी तो असा वागायचा तेव्हा मी दाराच्या मागे खडूने रेघा मारायची. आईशी सगळ्यात जास्त अडीच महिने. माझ्याशी तर काय, रेघा मारायला दार पुरलं नसतं.” स्टूल आणखी पुढे ओढलं. “दवाखान्यात मी सोळा दिवस त्याच्या उशाशी बसले. तू घरी अंघोळीला गेलीस की मी बोलायची. तो भिंतीकडे तोंड करायचा. शुद्धीत होता गं.”

मी सुईत दोरा ओवायला घेतला. ओवेना.

“तुझा आकडा काय गं? सगळ्यात मोठा?”

मी पिशवी उचलली. दाराची कडी उघडायला वेळ लागला. मागून आवाज आला, चिडलेला, “जा! भावाकडून सगळं शिकलीस, एवढंच राहिलं होतं!”

काय अधिकार आहे ह्या बाईला? काय अधिकार?

९ फेब्रुवारी

एक्केचाळीस.

१० फेब्रुवारी

काल तो आकडा लिहिला आणि वही मिटली. आज सकाळी फाइल काढली.

मला बघायचं होतं टाचण्या कुठे कुठे होत्या. पण टाचण्या डबीत, आणि पानं कोरी करकरीत. मीच उपटल्या होत्या. त्यांना विचारायचं तर बोलावं लागणार. मी पहिलंच पान रागाने खिडकीवर धरलं, आणि पानातून उजेड आला. दोन बारीक भोकं. टाचणी आत शिरली ते एक, बाहेर आली ते एक. मधे एक शब्द, ‘शांत’.

सगळी पानं तशी धरली. सकाळी आठपासून अकरापर्यंत, ऊन त्या खिडकीतून जाईपर्यंत. हात भरून आले. दोन भोकं एकाखाली एक असली तर टाचणी उभी, शेजारी शेजारी असली तर आडवी. पेन्सिल घेऊन मागे खुणा केल्या. उभ्या अठरा होत्या. त्या सगळ्या ‘चांदण्यासारखा’, ‘समईसारखा’, ‘सागरासारखा’ यांच्यावर. सैल आहे, आत घ्या. ते ठीक. जरा जास्त झालं होतं, एवढं मलाही कळतं.

बाकीच्या आडव्या. ‘हे मितभाषी होते.’ आडवी. ‘ह्यांच्या मौनातही अर्थ असे.’ आडवी. ‘आमच्या घरात कधी वरच्या पट्टीत आवाज ऐकू आला नाही.’ त्या एका वाक्यावर दोन. ‘शांत’ हा शब्द मी पस्तीस वेळा लिहिला आहे, आणि एकही सुटलेला नाही. ‘भावाबहिणीचं प्रेम अबोल होतं’ यावर तीन टाचण्या, इतक्या जवळ की कागद तिथे फाटत आला आहे. एरवी त्यांची टाचणी कधी वाकडी जात नाही. या तीन वाकड्या आहेत. त्रेपन्नावं पान कोरं, ते मी नव्याने लिहिलं होतं. जुनं कचऱ्यात गेलं. तिथे काय होतं ते मला पाठ आहे, ‘एकदा मतभेद झाले, पण ह्यांनी ते शांतपणे घेतले.’

म्हणजे त्या ‘काप’ म्हणत नव्हत्या. ‘उसव’ म्हणत होत्या.

ते मतभेद इथे लिहिते. पुस्तकात नाही, इथे.

ह्यांचे परीक्षेचे पेपर मीच पक्के लिहून देत असे, अक्षर चांगलं म्हणून. त्या वेळी लेक सात वर्षांची होती. एका उदाहरणात एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा नळ तीच टाकी चार तासांत रिकामी करतो, दोन्ही सोडले तर टाकी किती तासांत भरेल? ह्यांचं उत्तर होतं बारा. घरात ह्यांचे एक सहकारी बसले होते. मी कागद घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, “अहो, ही टाकी भरणारच नाही. जातंय जास्त, येतंय कमी.” सहकारी मोठ्याने हसले. मीही हसले. मला आनंद झाला होता, मला सापडलं म्हणून.

एक्केचाळीस दिवस. ‘आईला सांग, भाजी वाढ.’ ‘आईला सांग, पंखा बंद कर.’ मी तिथेच असायची, हातभर अंतरावर. पोरगी घास हातात धरून माझ्याकडे वळायची, “आई, बाबा म्हणतात भाजी वाढ.” तिचा घास गार व्हायचा.

आणि मी ‘मला नको आहे म्हणावं’ म्हणून हसले.

११ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. विचारलं, तुला आठवतं का? तिकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी मुलं निरोप सांगतात. मैत्रिणीकडे जेवायला गेले आणि तिचे आईबाबा एकमेकांशी थेट बोलायला लागले, तेव्हा मला वाटलं त्यांचं भांडण चाललंय.”

मी विचारलं, मग तू पुस्तक छान आहे असं का म्हणालीस?

“तू नाराज झाली असतीस. मग किती दिवस, कोणाला माहीत.”

माझ्याकडून! पोर मला भीत होती. इतक्या ‘छान’मधून मला हे कळलं नाही.

१२ फेब्रुवारी

दुकानात गेले. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत होते. आत शिरले आणि सगळं विसरून म्हटलं, “टाचण्या काढून टाकल्या मी. सगळ्या. आता भोकं बघत बसले.”

वन्संनी मशीन थांबवलं नाही. “बोललीस का? बरं झालं. मग आता एक सांगू? तीन आठवडे तू हुकांची तोंडं उलटी लावतेयस.”

“काय?”

“स्कर्टच्या पट्ट्यांना. रोज सकाळी मी उसवते आणि पुन्हा लावते.”

“मग सांगितलं का नाही?”

“कोणाला सांगू? गिऱ्हाइकामार्फत?”

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी म्हटलं, “तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवतच नाही.” त्या म्हणाल्या, “चांगलं असेल तर दाखव की.” मी म्हटलं, “तुम्ही स्वतः एक पान लिहून दाखवा.” त्या म्हणाल्या, “मला येत असतं तर तुझ्या पानांना टाचण्या लावत बसले असते? माझ्या भावावर आता एकच पुस्तक होणार आहे. ते तूच लिहिणार आहेस. त्यातही तो माझ्याशी बोलायचाच नाही असं ठरलंय का?”

मग कोणीतरी कोटाचं माप द्यायला आलं. वन्सं टेप घेऊन उठल्या. माप घेताना आकडे सांगतात ते मी वहीत लिहिते. आज त्यांनी छातीचं माप दोनदा चुकीचं सांगितलं. मी म्हटलं, “पुन्हा घ्या.” त्यांनी मुकाट्याने पुन्हा घेतलं.

२८ फेब्रुवारी

चिटणिसांना सांगितलं, पुस्तक आत्ता देत नाही. पुन्हा लिहिते आहे.

आधी समजूत. “वहिनी, आहे तेच उत्तम आहे.” मग तारखेची आठवण. मग विचारलं, पुन्हा म्हणजे काय? मी म्हटलं, हजेरीतलं एक नाव गाळलं गेलं होतं, ते घालायचं आहे. ते एकदम तुसडे झाले. “लोक काय म्हणतील? सरांच्या नावाच्या सभागृहात सरांचीच बदनामी?” मी म्हटलं, तुम्ही वर्षभर ‘हजर’ म्हणत होतात ना? फोन आपटला त्यांनी.

मंडळ आता फोटोंची स्मरणिका काढणार आहे. माझं पुस्तक कोणी छापणार नाही, हे धरून चालायचं. मला वाईट वाटलं. खूप. नावाजलं जायची किती हौस होती मला! ती गेलेली नाही. ह्या वहीत खोटं कशाला लिहू?

२० मार्च

कार्यक्रम झाला. पाच भाषणं, पाचांतही ‘शांत’. पहिल्या रांगेत मी आणि वन्सं. चिटणीस आमच्याकडे बघायचं टाळत होते. पडदा सरकवला, पाटी दिसली, टाळ्या झाल्या. वन्सं माझ्या कानाशी लागल्या, “तिरकी आहे.”

“काय?”

“पाटी. डावीकडे उतरलीये.”

खरंच उतरली होती. आणि मला हसू फुटलं ते आवरेना. लोकांना वाटलं मी रडतेय. मागून कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

१९ एप्रिल

नवी पानं वन्संना दिली होती. दोनशे सहा झाली. नाव अजून नाही. आज फाइल परत मिळाली. चौदा टाचण्या.

चौदा! दोन महिने घासून लिहिलं, वन्संच्या दवाखान्यातल्या सोळा दिवसांचं आख्खं प्रकरण त्यांना शेजारी बसवून लिहिलं, तरी चौदा. पहिला तासभर मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुष्ट बाई. आता ह्या बाईला कधीच काही दाखवायचं नाही.

मग खिडकीशी बसून बघितलं. पाच उभ्या. त्यांतली एक तर मला लिहितानाच टोचत होती, ह्यांना मी एका ठिकाणी ‘दगड’ म्हटलं होतं. त्याच पावसाळ्यात, न बोलण्याच्या दिवसांत, मी बाहेर निघाले की ह्यांनी माझी छत्री दारातल्या खुंटीला उघडून वाळवून ठेवलेली असायची. ते मी लिहिलं नव्हतं. रागात विसरले. वन्संना कसं कळलं? त्या म्हणाल्या, “मला नाही माहीत. पण एका बाजूला ओढल्यासारखं दिसलं.”

बाकी आठ आडव्या पटण्यासारख्या होत्या. नववी पटेना. एक्केचाळीस दिवसांच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य, ‘मग एक दिवस अबोला संपला.’ दुपारी दुकानात विचारलं, “इथे काय झालं आता?”

“संपला म्हणजे? आपोआप?”

“संपला. संपतो तसा.”

“नाही संपत गं,” वन्सं म्हणाल्या. मला म्हणाल्या, की लहानपणीच्या त्या रेघांच्या दाराला, कळलं नाही. “कोणीतरी संपवतं.”

२० एप्रिल

ठीक आहे.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, “माझंच चुकलं. टाकी बारा तासांत भरते.” ह्यांनी पेपरातून मान वर केली. म्हणाले, “चहा टाक.” मला केवढा आनंद झाला! धावत आत गेले.

त्याच आठवड्यात परीक्षा झाली आणि छापील प्रश्नपत्रिका घरी आली. मी ती वाचली. पहिला नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामी करतो. उत्तर बारा, आणि आता ते बरोबर येत होतं. ह्यांनी आकडे बदलले होते. माझं ऐकलं होतं, कदाचित त्याच संध्याकाळी. फक्त मला सांगितलं नव्हतं. मी प्रश्नपत्रिका घडी घालून होती तिथे ठेवली आणि पंधरा वर्षं कोणाला बोलले नाही. स्वतःलाही नाही.

हे सगळं आज पुस्तकात लिहिलं. साडेचार पानं झाली. टाचणी काढली आणि डबीत टाकली.

दोन वाजता दुकानात गेले. वन्सं कटाई करत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

“वन्सं, ती टाचणी बरोबर जागी होती.”

त्यांनी कात्री खाली ठेवली. काहीतरी म्हणणार होत्या, पण तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून उशीत खोचायला त्यांना बराच वेळ लागला. मान खालीच.

“बरं,” त्या म्हणाल्या. “हुक लाव.”

मी सुई घेतली, पट्टी त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, तोंड कुठल्या बाजूला.